फाट्यावरचा सायकलस्वार

(जिल्ह्यातील मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर बुलढाणा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सायकल हा विषय शासकीय सभेत सहसा येत नाही. रस्त्यांचा आढावा निघाला म्हणजे आपण किलोमीटर, पूल, मोऱ्या आणि डांबरीकरण यांविषयी बोलतो. सायकलस्वार आपल्या तक्त्यात बहुधा 'इतर' या रकान्यात असतो. परंतु २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद झाली होती. त्यानंतर मोटारसायकली पुष्कळ वाढल्या, हे खरे. तरीही शाळेत जाणारी मुले, भल्या पहाटे घरोघर दूध पोहोचविणारे आणि शेतावर जाणारे मजूर यांचे पाय आजही पायडलवरच आहेत.

आज मला मुख्यतः शाळेच्या मुलींविषयी बोलावयाचे आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली २०११-१२ पासून राज्यातील १२५ तालुक्यांत इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलींसाठी साहाय्य देण्यात येऊ लागले. या कार्यक्रमात आपला जिल्हाही आहे. बिहारने अशी योजना २००६ साली हाती घेतली होती. तिचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी केला, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे व मुली यांतील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ही वाढ मुख्यतः माध्यमिक शाळेपासून तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत झाली होती. म्हणजे सायकलीने अंतर जिंकले.

पण गावापासून शाळेपर्यंतचे सगळे अंतर सारखे नसते. चार किलोमीटरच्या वाटेतील पावणेचार किलोमीटर गावरस्त्याचे असतात. तेथे बैलगाडी, शेळ्यांचा कळप आणि एखादी मोटारसायकल, एवढीच काय ती रहदारी. खरा प्रश्न उरलेल्या पाव किलोमीटरचा, म्हणजे फाट्याचा आहे. आठवीतील मुलीची सायकल घरी का पडून आहे असे तिच्या वडिलांना विचारावे, तर अनेकदा 'फाटा ओलांडायचा असतो ना', एवढेच उत्तर मिळते. या उत्तरात चूक काही नाही. ज्या बापाने फाटा पाहिला आहे तो याहून वेगळे काय सांगणार?

हा फाटा आला कोठून, हेही थोडे पाहू. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमण्यात आली. तिच्या कामातूनच पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. १९४३ साली मुख्य अभियंत्यांची परिषद आपल्याच विदर्भात, नागपूरला भरली आणि 'नागपूर योजना' या नावाने ओळखला जाणारा आराखडा तयार झाला. बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हामार्ग, ग्राममार्ग ही उतरंड त्या योजनेची देणगी होय. ओढा नदीला मिळावा तसा ग्राममार्ग मोठ्या रस्त्याला मिळेल, ही कल्पना त्या काळी योग्यच होती. त्या वेळी मोठ्या रस्त्यावरील मोटारही आजच्या मानाने हळूच धावत असे. आज मलकापूर, नांदुरा, खामगाववरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ६ व आताचा ५३, चौपदरी झाला आहे. तेथे ताशी ऐंशी किलोमीटरने येणारी मालमोटार आणि ताशी दहा-बारा किलोमीटरने येणारी सायकल एकाच पातळीवर समोरासमोर येतात. समृद्धी महामार्ग आखताना हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला गेला. तेथे सायकलीला प्रवेशच नाही आणि गावरस्ते त्याच्या खालून किंवा वरून नेले आहेत. बाकी रस्त्यांवर तसे करणे खर्चाचे काम आहे व ते सर्वत्र होणे नाही, हे आपण जाणतो.

यावर सायकलींसाठी स्वतंत्र मार्गिका करावी, अशी सूचना बहुधा पहिली येते. ती ऐकायला चांगली आहे. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९६२ च्या शिफारशीत स्वतंत्र मार्गिकेसाठी, जेथे तासाला शंभर ते दोनशे मोटारी धावतात तेथे, गर्दीच्या तासाला चारशे वा अधिक सायकली अशी कसोटी होती. २०१५ मध्ये या शिफारशींची सुधारित आवृत्ती निघाली. तथापि, चारशेचा तो आकडा पाहिला म्हणजे ग्रामीण फाटा मार्गिकेच्या हिशेबात का बसत नाही, हे ध्यानात येते. आपल्याकडे सकाळी साडेदहाला चाळीस मुली येतात आणि पंधरा मिनिटांनी तेथे कोणीही नसते.

शिवाय जेथे मार्गिका झाल्या तेथील अनुभवही पाहिला पाहिजे. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेथे २००६ नंतर सातारा रस्ता, सोलापूर रस्ता अशा मोठ्या रस्त्यांच्या कडेने मार्गिका बांधल्या गेल्या आणि २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आराखडा अभ्यासपूर्ण होता. पण प्रत्यक्षात मार्गिकेवर कोठे विजेची पेटी, कोठे बसथांबा, कोठे हातगाडी असे दृश्य दिसे. त्याहून मोठा दोष असा की, सरळ रस्त्यावर स्वाराला सांभाळणारी मार्गिका पुष्कळ ठिकाणी चौकाच्या थोडी अलीकडे संपत असे. जेथे चार दिशांची वाहने एकमेकांना छेदतात नेमके तेथेच त्याला वाऱ्यावर सोडलेले असे. जेथे धोका कमी तेथे संरक्षण आणि जेथे धोका सर्वांत अधिक तेथे काहीच नाही, असा हा उलटा न्याय झाला.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, आपल्या जिल्ह्यात मार्गिकेची वाट पाहू नये. आधी फाटा नीट करावा. तो नीट झाला, तर मार्गिकेवाचूनही मुलगी शाळेत पोहोचेल.

फाटा नीट करणे म्हणजे काय, याचा हिशेब साधा आहे आणि गणिताच्या शिक्षकांनी तो वर्गात जरूर करून घ्यावा. ताशी ८० किलोमीटरने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे येते. दोन पदरी डांबरी रस्ता सात मीटर रुंद धरला आणि त्यात सायकलीची लांबी मिळवली, तर मुलीला साधारण नऊ मीटर जावे लागते. सायकल हाताने ढकलीत ती सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालते, म्हणजे तिला सात-साडेसात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ते वाहन सुमारे १६५ मीटर आलेले असते. वेग ताशी १०० असेल, तर दोनशे मीटरच्या पुढे. म्हणजे ती पाऊल टाकते त्या क्षणी निदान सव्वादोनशे मीटरपर्यंत रस्ता मोकळा दिसला पाहिजे. 'गाडी लांब आहे' हा अंदाज बारा-तेरा वर्षांच्या मुलाला करता येत नाही. मोठ्यांनाही तो नीट येत नाही. समोरून सरळ येणारी वस्तू आपल्याला मोठी होताना दिसते, तिचा वेग दिसत नाही.

यावर एक सोपा उपाय सुचवितो. फाट्यापासून दोन्ही बाजूंस टेपने सव्वादोनशे मीटर मोजावेत आणि तेथे खूण ठरवावी. कडुनिंबाचे झाड, विजेचा खांब, मैलाचा दगड, जे असेल ते. सोयीचे काही नसेल, तर रस्त्याच्या अधिकाऱ्यांच्या संमतीने चुना लावलेला दगड रोवावा. मग मुलांना अंदाज शिकवावयाचा नाही, फक्त नियम सांगावयाचा. खुणेच्या अलीकडे वाहन असेल तर थांबा, पलीकडे असेल तर चला. तिठ्यावर मोठ्या रस्त्याकडून वळून आत येणारी वाहनेही असतात, म्हणून तिसरी नजर त्या बाजूस टाकावी.

आता ती खूण मुळात दिसते का, हा प्रश्न. जूनमध्ये दिसेल. पण दिवाळीच्या सुमारास आपल्या पऱ्हाटीचे आणि तुरीचे शेत डोक्याएवढे झालेले असते व तासे थेट रस्त्याच्या हद्दीपर्यंत आलेली असतात. सोयाबीन बुटके असते, त्याचा त्रास नाही. वेड्या बाभळीचे तर विचारूच नका, ती बाराही महिने आहे. त्यात फाट्यावरची चहाची टपरी, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक आणि पंक्चरच्या दुकानापुढे उभी असलेली मालमोटार यांची भर पडते. चालकाला मुलगी दिसत नाही आणि मुलीला चालक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ताशी ८० च्या वेगाला थांबण्यासाठी १२० मीटर आणि १०० च्या वेगाला १८० मीटर अंतर धरले आहे. एवढे अंतर आधीच जर तुरीत लपलेले असेल, तर चालक कितीही सज्जन असला तरी त्याचा उपयोग काय? वाढदिवसाचा फलक फाट्यावरून हलविणे हे पंचायत सदस्याला राजकीयदृष्ट्या अवघड काम आहे, याची मला कल्पना आहे. तरी ते करावयास हवे.

साइडपट्ट्यांचेही सांगतो. आपली जमीन काळी. पावसाळ्यात साइडपट्टी खचते आणि डांबराची कड चार-सहा बोटे वर राहते. मागून मोठे वाहन आले की सायकलस्वार घाबरून खाली उतरतो, चाक कडेला घासते आणि तो रस्त्याच्या बाजूस पडतो. फाट्याच्या दोन्ही अंगांना निदान पन्नास मीटर साइडपट्टी मुरमाने भरून डांबराच्या बरोबरीला आणणे, हे अल्प खर्चाचे पण अत्यंत मोलाचे काम होय.

चौपदरी रस्त्यावर दुभाजकाचा आधार मिळतो, पण तो पुरेसा रुंद असेल तरच. सायकल साधारण १.८ मीटर लांब असते. दुभाजक सव्वा मीटरचा असला, तर त्यात उभ्या केलेल्या सायकलीचे एक चाक एका बाजूच्या रस्त्यात आणि दुसरे दुसऱ्या बाजूच्या रस्त्यात डोकावते. अशा ठिकाणी सायकल आडवी, म्हणजे दुभाजकाला समांतर, उभी करावयास मुलांना शिकवावे आणि नवीन काम निघेल तेव्हा थांबण्याची जागा दोन मीटरहून रुंद मागावी.

शहरातील चौकाचे दुखणे थोडे निराळे आहे. बुलढाण्याचा संगम चौक घ्या, जयस्तंभ चौक घ्या, वा खामगाव-चिखलीचा कोणताही गर्दीचा चौक घ्या. तेथे वेग कमी असतो; धोका वळणाऱ्या मोठ्या वाहनाचा असतो. एस. टी. किंवा मालमोटार डावीकडे वळावयाची असते तेव्हा चालक तिला आधी थोडी उजवीकडे घेतो, कारण त्याशिवाय तिची लांबी वळत नाही. मागच्या सायकलस्वाराला वाटते, गाडी उजवीकडे चालली, डावी बाजू मोकळी झाली. तो त्या फटीत शिरतो. मग गाडी डावीकडे वळते आणि तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या माग सोडून आतल्या अंगाने येतात. तेथे उभा असलेला माणूस चालकाला आरशातही दिसत नाही. मुलांना एक वाक्य पाठ करून घ्या: मोठ्या गाडीच्या डाव्या बगलेत जायचे नाही, तिच्या मागे थांबायचे. डावा दिवा लुकलुकतो की नाही हे पाहण्याचे कारण नाही, कारण पुष्कळ दिवे बंदच असतात.

उजवीकडे वळणे हे दुसरे कठीण काम. हात दाखवून रस्त्याच्या मध्याकडे सरकावे आणि वळावे, असे जुन्या पुस्तकांत असे. रहदारी विरळ होती तेव्हा ते चालून गेले. आता मागून येणाऱ्या मोटारसायकली उजव्या अंगानेच पुढे जातात, त्यांच्या मार्गात शिरणे धोक्याचे. डेन्मार्कमध्ये सिग्नलच्या चौकात सायकलस्वाराने हे वळण दोन टप्प्यांत घ्यावे असा नियमच आहे. आपल्याकडील डावी बाजू धरून त्याचे रूप असे होईल: आधी कडेने सरळ चौक ओलांडावा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबावे, सायकलीचे तोंड फिरवावे आणि मग त्या दिशेच्या वाहनांबरोबर पुन्हा सरळ जावे. वेळ अर्धा मिनिट अधिक लागतो. नेदरलँड्समध्ये तर चौकाच्या कोपऱ्यावर लहानसे बेट बांधून सायकलींची वाट मोटारीच्या वळणापासून सुमारे पाच मीटर मागे घेतात, म्हणजे वळलेली मोटार सायकलीला काटकोनात येते आणि चालकाला स्वार समोर दिसतो. त्या देशाला हे शहाणपण आपोआप आले नाही. १९७१ साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले, तेव्हा हे चौक बदलू लागले.

उलट्या दिशेने येणाऱ्या सायकलींबद्दल तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी आहे. गावरस्त्यावरून डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे पाहतो, त्यामुळे डावीकडून उलट आलेला स्वार त्याच्या ध्यानीमनी नसतो. पण दुभाजकाला जेथे तोंड ठेवले आहे ते जर शाळेपासून एक-दीड किलोमीटर पुढे असेल, तर मुलगी तेवढे जाऊन परत येईल, अशी अपेक्षा धरणे व्यवहाराला सोडून आहे. अशा ठिकाणी दंड किंवा दरडावणी यांपेक्षा सेवारस्त्यावर सायकलींना दोन्ही दिशांनी जाता येईल अशी सोय मागणे अधिक शहाणपणाचे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिने पादचारी आणि सायकलीसारखी यंत्राविना चालणारी वाहने यांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनास दिला आहे. त्याच दुरुस्तीतील कलम १९८-अ मात्र आपण अधिकारी मंडळींनी शांतपणे वाचावे असे आहे. रस्त्याच्या रचनेची वा देखभालीची ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेस वा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पूर्वी अनेक नगरपालिका सायकलींवर कर घेत व पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसला, तर पोलीस चाकातील हवा सोडीत. तो जाच गेला, पण त्याबरोबर दिवाही गेला. हिवाळ्यात जादा तासानंतर मुले सहाच्या पुढे घरी निघतात. कापसाच्या हंगामात खामगाव, मलकापूरच्या रस्त्यांवर परावर्तक नसलेल्या ट्रॉल्या चालतात. २०२० मध्ये केंद्र शासनाने सायकलींच्या परावर्तकांच्या गुणवत्तेविषयी आदेश काढला आहे. नव्या सायकलीवरील तांबडा परावर्तक पहिल्याच पावसाळ्यात निखळतो, तो शाळेत महिन्यातून एकदा तपासावा. घंटा आणि ब्रेक यांचेही तसेच. राजूर घाटासारख्या उतारावर नुसता पुढचा ब्रेक दाबणारा मुलगा हँडलवरून पुढे फेकला जातो, हेही प्रत्यक्ष दाखवून समजावावे लागते.

शिस्तीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. श्रींच्या पालखीच्या परतीला खामगावहून शेगावला हजारो लोक पायी जातात आणि एवढ्या गर्दीत रांग धरून चालतात. आपल्या लोकांना रांग समजते. फाट्यावर तीन-तीन सायकली शेजारी लावून गप्पा मारणाऱ्या मुलींना एकीमागे एक, डांबराच्या कडेपासून एक सायकल मागे थांबावयास सांगितले, तर त्या थांबतात. त्यांना ते कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

तरीही अपघात घडला, तर पहिली मदत फाट्यावरच्या टपरीवाल्याचीच असते. जखमीस मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ नये असे संरक्षण कलम १३४-अ देते. हे त्याला ठाऊक नसते. १०८ हा क्रमांक आणि ही माहिती टपरीच्या फळीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावी.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे आपल्या हाती उन्हाळा आहे. मुख्याध्यापकांनी कोणत्या गावाहून किती सायकली कोणत्या फाट्याने येतात याची यादी करावी. तिची एक प्रत ग्रामपंचायतीस आणि दुसरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीस द्यावी. पहिल्या पावसाआधी बाभूळ तोडून व्हावी. तुरीची तासे हद्दीपासून मागे घेण्याबद्दल पेरणीपूर्वीच शेतकऱ्याशी बोलावे, ऑक्टोबरात बोलून काही होत नाही. गावरस्त्यावर फाट्याच्या अलीकडे गतिरोधक आणि फाट्यावर एक दिवा यांची मागणी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे लेखी जावी. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल, तर ती त्या यंत्रणेकडे जावी. शाळेच्या पहिल्या आठवड्यात दोन शिक्षकांनी सकाळ-संध्याकाळ फाट्यावर उभे राहून सव्वादोनशे मीटरची खूण मुलांना दाखवावी आणि प्रत्येकीकडून रस्ता एकदा ओलांडून घ्यावा. शेवटच्या रांगेत मोजणीची टेप आणि फक्की ठेवली आहे. चहापानानंतर आपण जवळच्या फाट्यापर्यंत जाऊन एक मोजणी प्रत्यक्ष करू.